बांधावरची रेंज

आमच्या घरी इंटरनेट आलं तेव्हा आईची पहिली तक्रार आवाजाबद्दल होती. फोनच्या लायनीला तो डबा जोडला की आधी नुसती शिट्टी, मग किरकिर, मग तापलेल्या तव्यावर ओला बोंबील टाकावा तसा चर्रर्र आवाज, आणि मग एकदम सगळं चिडीचूप. चिडीचूप झालं की मी जगाला जोडली गेले आणि घरचा फोन बंद पडला. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "बारके, सोड गं ती लाईन, मामाचा फोन यायचाय!" मामाचा फोन वर्षातून चारदा यायचा, पण मी इंटरनेटला बसले की आईला तो हमखास यायचा असायचा. बाबा रेल्वेत सिग्नल खात्यात होते, त्यांना यंत्रांचं कौतुक. डहाणूत, मसोलीच्या आमच्या गल्लीत पहिला कॉम्प्युटर त्यांनीच आणला आणि बाहेरच्या खोलीत, देव्हाऱ्याच्या शेजारी मांडला. त्यावर ताईने विणलेला क्रोशाचा रुमाल होता. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार आणि हळदकुंकू. हार सुकून त्याच्या पाकळ्या कीबोर्डात गेल्या तेव्हा मी दोन दिवस आईशी अबोला धरला होता.

तेव्हा मी जाम शहाणी होते. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. अठराव्या वर्षी आपल्याला जे येतं ते घरात दुसऱ्या कुणालाच येत नाही, याची एक झिंग असते, आणि ती मला पुरेपूर चढली होती. टीव्हीचे चॅनल लावायचे, बारकीला बोलवा. शेजारच्या काकूंचा कॅलेंडरवाला घड्याळ-रेडिओ गुजरातीत बोलायला लागला, बारकीला बोलवा. बाबासुद्धा, ज्यांनी तीस वर्षं सिग्नलच्या तारा जोडल्या, ते मला विचारायचे, "हे असं का करतंय बघ गं." मी "द्या इकडे" म्हणायचे, दोन बटणं दाबायचे, आणि काय केलं ते कुणाला सांगायचे नाही. सांगितलं तर मग आपली किंमत काय राहिली! कुणी विचारलंच तर म्हणायचे, "तुम्हाला नाही कळायचं."

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. वनिता तिचं नाव, पण घरात सगळे ताईच म्हणायचे, बाबासुद्धा. ती या सगळ्या वस्तूंना घाबरायची आणि घाबरल्याचं हसून सांगायची. मिक्सर लावताना एक डोळा मिटून घ्यायची. वालाचं बिरडं मात्र असं करायची की आई स्वतःचं सोडून तिचंच वाढून घ्यायची. वाल सोलायला बसली की माझ्या हातात मूठभर द्यायची, मी दहा सोलून उठायचे, आणि ती म्हणायची, "जा बाई, तुझं इंटरनेट उपाशी राहिलं असेल." तिचं लग्न तलासरीच्या पुढे झालं, अगदी गुजरातच्या हद्दीला लागून. एक पाडा, पंधरा-वीस घरं, लांब लांब पांगलेली. भावोजींचे आईवडील आधीच गेलेले, त्यामुळे घरात ही दोघंच. हरेशभावोजी उंबरगावच्या एका कारखान्यात होते. हायवेपर्यंत तीन किलोमीटर चालत जायचं, तिथून कंपनीची बस. शांत माणूस. वाक्याच्या शेवटी गुजराती 'ने' लावायची सवय. "येशील ने रविवारी?" असं विचारायचे आणि मी खरंच आले की माझ्यासाठी नाक्यावरून उंबाडियू आणायचे, मडक्यात भाजलेले कंद आणि पापडी, हिरव्या चटणीत बोटं बुडवून खायचं. आईला सुरुवातीला ते स्थळ पसंत नव्हतं. "पोरगी जंगलात दिली," असं ती शेजारी सांगायची. पण ताई दर वेळी माहेरी आली की आधीपेक्षा जाड आणि आनंदी होऊन यायची, त्यामुळे आईचं काही चालेना.

पाड्यावर फोनची लाईन नव्हती. म्हणून बाबांनी ताईला मोबाईल घेऊन दिला. करड्या रंगाचा, विटेएवढा जड, हिरव्या पडद्याचा. त्या पाड्यावर तो एकच मोबाईल. आमच्यात मिस्ड कॉलची भाषा ठरली होती. एक रिंग म्हणजे पोचले, दोन म्हणजे तुम्ही लावा, तीन म्हणजे काहीतरी आहे, लगेच लावा. संध्याकाळी सातला दोन रिंगा आल्या की आई हातातलं पीठ न धुता फोनपाशी यायची. तिच्या पिठाच्या बोटांचे ठसे आमच्या रिसीव्हरवर कायमचे वाळलेले असायचे.

पण त्या घराची एक गंमत होती. घर महाराष्ट्रात आणि फोन गुजरातेत. नाल्यापलीकडे गुजरातचा टॉवर होता, तो जवळ पडायचा, त्यामुळे घरात बसून मोबाईल उघडला की गुजरातची रेंज, चारही दांड्या भरलेल्या. आणि गुजरातची रेंज म्हणजे रोमिंग. आज हे माझ्या ऑफिसातल्या मुलींना सांगितलं तर हसतात. तेव्हा नुसता फोन उचलला तरी मिनिटाला पैसे कापले जायचे, बोलणारा दुसरा असला तरी! आईचं आणि ताईचं बोलणं म्हणजे आज काय भाजी केली इथून सुरू, आणि भाजीवर असतानाच ताईचं कार्ड संपायचं. आपली रेंज घरापासून दोनशे पावलांवर, शेताच्या उंच बांधावर मिळायची. ताई संध्याकाळी बांधावर चढायची, फोन डोक्यावर धरायची, पडद्यावर नेटवर्कचं नाव बदललं की लावायची. बोलता बोलता जरा घराकडे वळली की पुन्हा गुजरात. पाड्यावरच्या बाया तिला हसायच्या, म्हणायच्या, वनिताबाय देवाला मोबाईल दाखवते.

यावर तोडगा मी काढला. डहाणू रोडला स्टेशनसमोर तेव्हा सायबर कॅफे होते, पण मला घरचंच इंटरनेट होतं. त्यावर एक जागा होती, जिथे देशभरातले लोक आपापल्या मोबाईलची गाऱ्हाणी मांडायचे आणि दुसरे उत्तर द्यायचे. खरं नाव कुणी लावायचं नाही. मी तिथे 'चिकूवाली' होते. मी इंग्रजी अक्षरांत, निम्मं मराठी निम्मं इंग्रजी असं लिहिलं, की माझी बहीण हद्दीवर राहते, फोन सारखा शेजारच्या राज्यात पळतो, काय करावं? तिसऱ्या दिवशी 'वायरमन' नावाच्या कुणीतरी उत्तर दिलं. फोनच्या आत नेटवर्क निवडायची जागा असते, ती 'ऑटोमॅटिक'वर असते, ती 'मॅन्युअल' कर, आपलं नेटवर्क निवड, मग फोन दुसरीकडे बघणारच नाही. मी खुर्चीतून उठून नाचले होते. आई म्हणाली, "काय, नोकरी लागली?"

त्याच रविवारी मी तलासरीला गेले. ताईने पाटवड्या केल्या होत्या. मी हात न धुता फोन मागितला, दोन मिनिटांत सेटिंग बदललं. घरात दांड्या शून्य झाल्या. बांधावर नेला, आपलं नेटवर्क, दोन दांड्या. ताईला म्हटलं, "आता हा कध्धी गुजरातला जाणार नाही. पैसे वाचले. बोलायचं तेव्हा बांधावर ये, बास." ताई खूश झाली, पण ती शिक्षणाने डी.एड., तिला प्रश्न पडायचेच. तिने विचारलं, "आणि परत पहिल्यासारखं करायचं असेल तर? दाखव ना मला." मी म्हटलं, "कशाला करायचंय परत? तू काही दाबू नकोस हां ताई. भलतंच काहीतरी होऊन बसेल." भावोजींना म्हटलं, "भावोजी, हिला हात लावू देऊ नका सेटिंगला." ते म्हणाले, "अरे, तुझ्या कामात आम्ही कशाला हात घालू ने?" संध्याकाळी घरी येऊन मी 'वायरमन'चे आभार मानले. एकदम झकास चाललंय, ताईचे पैसे वाचले, असं लिहिलं. पुढे महिनाभर कुठून कुठून हद्दीवरचे लोक मला धन्यवाद देत होते. कर्नाटकच्या सीमेवरून, मध्य प्रदेशातून. मला वाटायचं, आपण कुणीतरी आहोत.

आता जे लिहायचंय ते मी वीस वर्षं टाळलं. केस रंगवणं सोडून मला दोन वर्षं झाली, आता आणखी काय लपवायचं?

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. पाऊस सरला होता आणि गवत कमरेएवढं वाढून पिवळं पडलं होतं. त्या वर्षी लोडशेडिंग फार. आमच्या बाजूला दिवसातून आठ-दहा तास वीज नसायची आणि नाल्यापलीकडे गुजरातेत भरदिवसा दिवे जळत राहायचे. वीज बराच वेळ गेली की आपल्या बाजूचा टॉवरही मुका व्हायचा. हे ताईने मला फोनवर सांगितलं होतं, "कधी कधी बांधावर पण काही येत नाही गं." मी म्हटलं होतं, "येईल, थोडा वेळ थांबत जा."

भावोजींची दुसरी पाळी होती, म्हणून सकाळी अकराला ते घरात होते. ताई मागच्या बाजूला सरपण काढायला गेली. लाकडांच्या ढिगात घोणस होती. पायाच्या घोट्याच्या वर चावली. ताई ओरडली नाही, ती चालत घरात आली आणि म्हणाली, "अहो, मला साप चावला बहुतेक." हे मला भावोजींनीच नंतर सांगितलं. त्यांनी तिला पडवीत निजवलं आणि फोन घेतला. तलासरी नाक्यावर एक जीपवाला होता, त्याचा नंबर भिंतीवर खडूने लिहिलेला होता. फोन लागला असता तर तो पंधरा मिनिटांत दारात आला असता. एरवी दोनदा आलाही होता. फोनवर दांडी नाही. घरात नसतेच, हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते बांधावर पळाले. तिथेही नाही. ते थांबले. येईल, थोडा वेळ थांबलं की येते. फोन डोक्यावर धरून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. खाली उतरून ताईला बघून आले, पुन्हा चढले. असं वीस मिनिटं, किंवा जास्त. मग त्यांनी शेजारच्या म्हातारीला ताईजवळ बसवलं आणि हायवेकडे पळत सुटले.

तीन किलोमीटर जायचं, गाडी थांबवायची, ती त्या कच्च्या रस्त्याने आत आणायची. एक टेम्पोवाला आला. ताईला दवाखान्यात नेलं तोवर दीड-पावणेदोन तास उलटले होते आणि तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. पुढे मोठ्या दवाखान्यात हलवताना वाटेत ती गेली. तीन वाजून गेल्यावर आमच्या घरचा फोन वाजला, तोही लगेच लागला नाही, कारण मी इंटरनेटला बसले होते. बाबांनी फोन घेतला, "हो" म्हणाले, तीन-चार वेळा नुसतं "हो," आणि मग रिसीव्हर हातात धरूनच खाली बसले. आई आतून विचारत होती, "मामा का?"

संध्याकाळी आम्ही पाड्यावर होतो. सगळीकडे माणसं. बाबांनी ताईचा मोबाईल माझ्या हातात दिला, म्हणाले, "मामाला कळव, आत्याला कळव, तुला येतं." मी मागच्या दाराने बाहेर आले. सरपणाचा ढीग विस्कटलेला होता, कुणीतरी सापाला मारून तिथेच काठीवर टाकलं होतं. मी फोन उघडला. दांडी नाही. माझ्या बोटांना सवय होती, मी विचार न करता आत गेले, सेटिंग, नेटवर्क, आणि तिथे माझंच ठेवलेलं 'मॅन्युअल' दिसलं. मी 'ऑटोमॅटिक' केलं. चार-पाच सेकंद गेले. टिंग करून मेसेज आला, गुजरातमध्ये आपलं स्वागत आहे. चारही दांड्या भरल्या. घराच्या भिंतीला टेकून उभी होते मी. पडवीत, जिथे ताईला निजवलं होतं, तिथेही भरल्या असत्या. हे मला लख्ख कळलं. कळायला एक क्षणसुद्धा लागला नाही, इतकी मी हुशार होते.

आणि मग मी काय केलं? मी तो मेसेज पुसला आणि सेटिंग परत 'मॅन्युअल' केलं. दांड्या गेल्या. आत जाऊन बाबांना म्हटलं, "रेंज नाहीये." बाबा म्हणाले, "हो, हरेश सांगतच होता, रेंज नव्हती."

तेराव्याला, पाड्यावरच, आईने भावोजींना सगळ्यांसमोर धरलं. पंगत उठली होती, बायका आत भांडी आवरत होत्या. तोवर ती रडली नव्हती की बोलली नव्हती. भावोजी तिच्यापुढे ताईची पेटी ठेवायला आले, त्यातल्या साड्या घेऊन जा म्हणायला. आई म्हणाली, "वीस मिनिटं? वीस मिनिटं तुम्ही बांधावर उभे होतात?" ते म्हणाले, "आई, मला वाटलं रेंज येईल." आईचा आवाज चढला. "माझी पोर आत तडफडत होती आणि तुम्ही हात वर करून रेंज शोधत होतात? पाय नव्हते तुम्हाला? पाठीवर टाकून नेली असतीत! बाप्या माणूस ना तुम्ही? खेळणं घेऊन उभे राहिलात!" बाबा "अगं, अगं" करत होते. भावोजी मान खाली घालून उभे. मी दारात होते, माझ्या हातात खिरीचं पातेलं. एका वाक्यात सगळं फिरलं असतं. आई, फोन मी बिघडवला होता. मी पातेलं या हातातून त्या हातात घेतलं. आई म्हणाली, "आजपासून माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही." त्यांनी पेटी उचलून आमच्या रिक्षात ठेवली आणि ते आत निघून गेले. मी पातेलं घासून ठेवलं.

त्यानंतर मी इंटरनेटच्या त्या जागेवर एकदाच गेले. 'चिकूवाली'ला आणखी धन्यवाद आले होते. एकाने विचारलं होतं, ताई, यात काही धोका तर नाही ना? मी उत्तर दिलं नाही. देता आलं असतं. तेवढं तरी देता आलं असतं! पुढे कधीतरी ती जागाच बंद पडली. मला तहसील ऑफिसात नोकरी लागली, आज तिथे सगळं ऑनलाईन आहे. कुणी फोन पुढे केला की मी म्हणते, मला नाही कळत त्यातलं. खरंच वाटतं त्यांना.

भावोजींचं नाव आमच्या घरात निघालं की शिवीसारखं निघायचं. त्यांनी चार वर्षांनी दुसरं लग्न केलं, तेव्हा आई म्हणाली, "बघा, मोकळीक हवीच होती." ताईच्या तिथीला आई बिरडं करायची आणि वाढताना न चुकता म्हणायची, "त्या षंढाने मारली माझ्या पोरीला." मी पान वाढत असायचे. बाबा गेले ते हेच ऐकत. लोकांतही पसरलं होतं. तलासरीच्या बाजारात माझ्यासमोर एका बाईने दुसरीला भावोजी दाखवले, "तो बघ, बायकोला साप चावला तर मोबाईल घेऊन फिरत बसला." त्यांनी ते ऐकलं. मलाही पाहिलं. मान हलवून ओळख दिली आणि कांदे निवडत राहिले.

बाबा गेल्याच्या वर्षी मी भावोजींकडे गेले. त्यांची बायको मुलाला घेऊन माहेरी गेलेली होती. मी पडवीत बसले आणि सगळं सांगितलं, पाणीसुद्धा न पिता. कुठलं सेटिंग, कसं, ताईने काय विचारलं होतं, मी काय म्हटलं होतं, आणि त्या संध्याकाळी मी काय बघितलं आणि काय केलं.  ते म्हणाले, "म्हणजे इथूनच लागला असता ने?" मी म्हटलं, "हो." त्यांनी भिंतीकडे पाहिलं. म्हणाले, "ती मला म्हणाली होती. पडल्या पडल्या. अहो, त्याच्यात काहीतरी बदलायचं असतं, बघा ना. मी म्हटलं, बारकीने लावलंय, हात नको लावूया, बिघडलं तर एवढापण नाही लागायचा."

मी तिथेच रडायला लागले. मोठ्याने, लाज सोडून. मला वाटलं ते मला हाकलतील, मारतील, आणि मला ते हवं होतं. ते उठून आत गेले, बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. म्हणाले, "इतकी वर्षं मी समजत होतो, मला घाबरून काही सुधरलं नाही." मी म्हटलं, "मी आईला सांगते. आजच सांगते." ते म्हणाले, "नको." मी म्हटलं, "का?" ते म्हणाले, "त्यांना आता तू एकटीच राहिली ने? माझं काय, मला सवय झाली."

आणि मी ऐकलं. त्यांचा मोठेपणा वगैरे मी नंतर जुळवलं. खरं एवढंच की मला ऐकायचंच होतं. परतीच्या एसटीत मला हलकं वाटत होतं, भूकसुद्धा लागली होती. त्याची शिसारी मला आजही येते.

आई गेल्या वर्षी अंथरुणाला खिळली. शेवटचे आठ दिवस होते ते. मामेभावाने नातेवाईकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, आत्या सिरीयस आहे, आणि तिथून कुणीतरी भावोजींना कळवलं असावं. दुपारी तीनच्या सुमाराला फाटक वाजलं. मी बाहेर आले तर भावोजी. मिशा पांढऱ्या, हातात चिकूची पिशवी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मसोलीच्या घरापाशी. ते फाटकाच्या बाहेरच उभे होते, चपला काढून. म्हणाले, "एकदा बघून जाऊ का? बोलणार नाही काही. लांबून." आईची खाट बाहेरच्याच खोलीत, खिडकीला लावून. तिला ऐकू चांगलं यायचं, शेवटपर्यंत. डोकंही जागेवर होतं. मी त्यांना आत घेतलं असतं तर तिने विचारलं असतं, तिने पुन्हा ते शब्द काढले असते, आणि मग मला त्यांच्यासमोर बोलावं लागलं असतं. सांगायला माझ्याकडे आठ दिवस होते. एक वाक्य लागत होतं.

आतून आई म्हणाली, "कोण आलंय गं?"

भावोजी माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघतच म्हटलं, "कुणी नाही, आई."

त्यांनी पिशवी फाटकाला अडकवली, चपला घातल्या आणि ते गेले.